कोन कुठून मोजला?

मी एक जुना संगणक आहे. जुना म्हणजे अवघा अकरा वर्षांचा. तुमच्यात अकरा वर्षांचं पोर पाचवीत असतं, आमच्यात त्या वयाला म्हातारपण येतं. अमरावतीच्या रविकांत साहेबांच्या ऑफिसात, खिडकीजवळच्या टेबलावर, माझी सगळी हयात गेली. मित्रांनो, मी फार दमलो आहे. माझा पंखा घरघरतो आणि चालू व्हायला मला एक चहा पिऊन होईल एवढा वेळ लागतो. तेव्हा मी हळूहळू सांगेन, तुम्हीही घाई करू नका.

माझे भाग कुठून कुठून आले, मला ठाऊक नाही. त्यांची जोडणी मात्र इथल्याच एका दुकानात स्वप्निल नावाच्या माणसाने केली. काम संपल्यावर त्याच्या हातात एक स्क्रू उरला. तो कुठला, हे त्याला शेवटपर्यंत आठवेना. त्या स्क्रूवाचून मी अकरा उन्हाळे काढले, आणि वऱ्हाडातला उन्हाळा कसा असतो हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको.

साहेब इमारतींचे इंजिनीअर. एखादी शेड किंवा टाकी प्रत्यक्ष उभी राहण्याआधी ती माझ्या पोटात उभी राहते. मी तिच्यावर वाऱ्याचा आणि वजनाचा भार टाकून पाहतो. जे टिकेल ते हिरवं दाखवतो, जे टिकणार नाही ते लाल. यासाठी मला प्रत्येक खांब, प्रत्येक सळी किती तिरपी आहे ते कळावं लागतं. माझ्याकडे त्यासाठी तीन सरळ रेषा आहेत. दोन जमिनीवर आडव्या पसरलेल्या, एक आभाळाकडे उभी. त्यांना अक्ष म्हणतात. कोणतीही सळी या प्रत्येक अक्षाशी किती अंशांचा कोन करते, हे मी क्षणात मोजतो. हातातली कामं उरकली की साहेब माझ्यावर थाप मारून म्हणत, "गड्या, तू होता म्हणून झालं." दसऱ्याला मला कुंकू लागे, झेंडूचा हार मिळे. ते दिवस आठवले की बरं वाटतं.

पुढे थाप मारणं बंद झालं. कोणी मला पुसेना. माझ्या जाळीत कापसाचे तंतू आणि धूळ यांची गादी तयार झाली. अशा दिवसांत श्रावणी ऑफिसात नोकरीला आली. नुकतीच इंजिनीअर झालेली, हुशार, कामाला वाघ. दुसऱ्याच महिन्यात साहेबांनी तिला पहिलं स्वतंत्र काम दिलं.

चांदूर रेल्वेच्या एका शाळेचं ते काम होतं. शाळेच्या पायऱ्यांवर आठ फूट पुढे आलेलं एक पत्र्याचं छत आहे. त्याला खाली खांब नाहीत. वरच्या भिंतीतून आलेल्या चार तिरप्या लोखंडी सळ्यांनी ते तोलून धरलं आहे. दुपारच्या सुट्टीत पोरं त्याच्याच सावलीत डबा खातात. त्या छतावर आता सोलरच्या पाट्या बसवायच्या होत्या. जुन्या सळ्या ते वजन पेलतील का, एवढंच मला विचारलं होतं.

छत पंधरा वर्षांपूर्वी बांधलं होतं अकोल्याच्या जुन्या शहरातल्या नत्थुजी मिस्त्रींनी. तेच जाऊन मापं घेऊन आले आणि फोनवर श्रावणीला म्हणाले, "सळ्या पंचावन्नच्या हायेत, ताई." तिने लिहून घेतलं आणि मला आडव्या अक्षापासून पंचावन्न अंश सांगितले. मी मुकाट्याने सळ्या उभ्या केल्या, भार टाकला. सगळं हिरवं. साहेबांनी हिरवा रंग पाहिला आणि सही केली. सकाळी अहवाल शाळेत पोचलाही.

दुपारी नत्थुजी पाट्यांच्या चौकटीचं चित्र न्यायला ऑफिसात आले. उद्याच काम लावायचं होतं. श्रावणीने माझ्या पडद्यावर त्यांना छत दाखवलं. ते चष्मा पुसून पुसून पाहत राहिले.

"ताई, हे कोणाचं छत हाय?"

"तुमचंच ना काका. चांदूरचं."

"माह्यं? माह्या सळ्या एवढ्या वर काहून गेल्या? छताच्या वर भिंतच मुळी सहा फूट हाय. तुमी तं अकरा फुटांवर खिळा ठोकला. हवेत ठोकला का?"

श्रावणीचा चेहरा उतरला. "तुम्हीच पंचावन्न सांगितलं होतं, काका."

"सांगतलं ना. ओळंब्यापासून पंचावन्न! भिंतीले ओळंबा सोडाचा अन् तिथून मोजाचं. माह्या बापानं तसंच शिकवलं. दुसरं कुठून मोजतेत?"

श्रावणीने आकडा बदलला. ओळंब्याची वजन बांधलेली दोरी भिंतीलगत सरळ उभी लोंबते; तिच्यापासून पंचावन्न म्हणजे आडव्या अक्षापासून जेमतेम पस्तीस. सळ्या माझ्या पोटात खाली झुकल्या. सळी जितकी आडवी, तितका तिला जास्त ताण सोसावा लागतो. ताण जवळजवळ दीडपट झाला आणि चारही सळ्या लालभडक दिसू लागल्या.

साहेब उठून आले. "पाट्या कधी चढणार?"

"उद्या, सर." श्रावणीने लाल सळ्यांकडे बोट दाखवलं. "माझी चूक झाली. मी विचारलंच नाही."

"मी तरी कुठं विचारलं? हिरवं दिसलं अन् सही ठोकली." साहेबांनी लगेच शाळेच्या मुख्याध्यापिका ललिताबाईंना फोन लावला. "मॅडम, काम थांबवा. माझा अहवाल चुकला आहे. आणि जुन्या सळ्या नीट तपासेपर्यंत पोरांना त्या छताखाली बसवू नका."

मित्रांनो, मला तेव्हा फार वाईट वाटलं. मी खोटं बोललो नव्हतो. उभ्या अक्षाशी कोन पस्तीस आहे, हेही मी तक्त्याच्या कडेच्या रकान्यात लिहिलं होतं. पण तो रकाना कोणी वाचत नाही. मला भिंत दिसत नाही, ओळंबा दिसत नाही, डबे उघडून बसलेली पोरं दिसत नाहीत. जो कोन सांगाल तोच मी खरा धरतो. माझ्या हिरव्या रंगाच्या भरवशावर ती पोरं पाट्या चढल्यावरही त्या छताखाली बसली असती.

पुढे नत्थुजींनी जाड सळ्या घातल्या, मग पाट्या चढल्या. श्रावणीने एका पिवळ्या चिठ्ठीवर लिहिलं, "कोन कुठून मोजला?" आणि ती माझ्या पडद्याच्या वरच्या कडेला, कपाळावर टिळा लावावा तशी, चिकटवली. त्या दिवसापासून ती दर मापाला फोन करून हाच प्रश्न विचारते. नत्थुजी कुरकुरतात, पण सांगतात.

गेल्या महिन्यात नवा संगणक आला. तो माझ्यापेक्षा कितीतरी चपळ आहे. भिंत त्यालाही दिसत नाही. श्रावणीने माझी चिठ्ठी हळूच सोडवली आणि त्याच्या कपाळावर लावली. मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. आता मी कपाटाशेजारी जमिनीवर आहे. मला परत चालू करा असं मी म्हणत नाही, माझ्यात ती ताकद राहिली नाही. कोणी धूळ पुसायला आलंच, तर एवढंच करा. माझ्या कपाळावर त्या चिठ्ठीच्या डिंकाचा डाग राहिला आहे, तेवढा पुसू नका.