भिंतीआडची ओल

पंचफुलाच्या परसातली भिंत कलली, हे माणसांआधी गाईला कळलं. वरच्या वाफ्यांची माती अडवणाऱ्या त्या दगडी भिंतीला मधोमध पोट आलं होतं. खाली गोठ्यातली गाय दावं ताणून तेवढीच जागा चाटत राहायची, नुकत्याच जन्मलेल्या वासराला चाटावं तशी. पंचफुलाला ते बघवत नसे.

केळझरचे रूपराव मिस्त्री आले, भिंतीवर थाप मारून म्हणाले, "मांगं पानी तुंबून राह्यलं. वरून खोदा लागन. गिट्टी भरू, पानी जायाले नळ्या टाकू. नाई तं गाय दबन."

"खोदा. पन कडंच्या सीताफळीखाली फावडं लावाचं नाई," पंचफुलानं बजावलं.

तिथं तिची लेक होती, पाचवी पुजायच्या आधीच गेलेली. एवढ्या जिवाला जाळत नाहीत. मीठ घालून पुरतात, आणि आईला तिथं नेत नाहीत. तिच्या नवऱ्यानं, नत्थूनं, नंतर जागा दाखवली होती. तेव्हापासून ती रोज सीताफळीच्या सावलीत बसे, बोलेसुद्धा. लोक हसोत बापडे. ती जागा उकरली तर आपण जगणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून रूपरावांनी मधल्या वांग्यांच्या वाफ्यात खोदायला घेतलं. मातीची नुसती लापशी झाली होती. भर दुपारी, पान हलत नसताना, भिंत आतून कुणी ढकलल्यासारखी कुरकुरली. नत्थूनं धावत येऊन फावडंच धरलं.

"इथं नाई. पोरगी इथं आहे."

"मंग मले सीताफळीखाली काऊन बसवलं?" पंचफुलानं विचारलं.

"तू दिवसभर उन्हात बसली असती. म्हनून सावलीची जागा सांगतली."

याच वाफ्याला तिनं वर्षानुवर्षं पाटानं पाणी सोडलं होतं. खाली उतरून तिनं गाय चाटायची त्या फुगीर दगडावर बोट फिरवलं, जिभेला लावलं. खारट. तिला नत्थूचा संताप आला, आणि त्याच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं.

रूपराव अवजारं गोळा करू लागले. "राहू द्या, बाई."

"नाई. लेकरू भिजून राह्यलं माह्यं. पानी काढा लागन," ती वर येत म्हणाली. "फावडं नको. माती माह्या हातानं काढीन."

खड्ड्यात उतरून तिनं कोपरापर्यंत हात चिखलात घातला. खाली, त्या गार चिखलात, कुणीतरी इवल्याशा मुठीत तिचं बोट घट्ट धरलं. भिंतीची कुरकुर थांबली. पंचफुलानं हात मागं घेतला नाही.