शेगडीजवळची जागा

मी किल्ल्यांच्या दफ्तराचा प्रमुख झालो तो खोकल्यामुळे. हुशारीमुळे झालो असं काही लोक म्हणतात, आणि मी त्यांना म्हणू देतो.

आमच्या इस्तंबूलमध्ये प्रमुखाची नेमणूक एका वर्षाची. रमजान ईद झाली की वजिरांच्या कचेरीत ज्याच्या खांद्यावर मानाचा झगा पडेल, त्याची गादी. त्या वर्षी ती नाशिद एफेंदीला मिळणार, हे कचेरीतल्या मांजरांनाही ठाऊक होतं. तीन वर्षं तो नेमणुकीविना घरी बसून होता. ही खेपही हुकली, तर राहतं घर विकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी साधा कारकून. सुट्टीचा अर्ज घेऊन गेलो होतो.

दालनात कडाक्याची थंडी होती. नाशिद शेगडीजवळ उभा होता. माझी ढास थांबेना, तेव्हा तो सरकला.

"या इकडे, रासिख एफेंदी. नाहीतर वजीरसाहेबांना वाटेल, दालनात बोकड शिरलाय."

"अहो, पण तुमची जागा..."

"जागा कुठं पळून जातेय?"

झगेवाला नवीन होता. त्याला बाहेर एवढंच सांगितलं होतं, शेगडीजवळ उभे आहेत ते. त्यानं सरळ येऊन झगा माझ्या अंगावर घातला. वजिरांनी मान हलवली. अंगावर पडलेला झगा उतरवला की ती बडतर्फीच, त्यामुळे चूक दिसूनही कुणी हललं नाही. मी बोलायला हवं होतं. बोललो असतो तर झगेवाल्याला फटके बसले असते, वजिरांची शोभा झाली असती. पण ही कारणं मी नंतर शोधली. खरं सांगायचं तर झगा उबदार होता.

रीतीप्रमाणे नाशिदनं पुढं येऊन झग्याच्या काठाला ओठ लावले.

"मुबारक. खोकल्यावर मध घेत जा," तो म्हणाला.

हिवाळा सरायच्या आत त्याचं घर विकलं गेलं. मी वर्षभर मान मोडून काम केलं. लाज माणसाकडून जेवढं काम करून घेते, तेवढं हावही घेत नाही.

पुढच्या ईदेनंतर मी लवकर गेलो आणि नाशिदला दंडाला धरून शेगडीजवळ उभं केलं.

"आता इथून हलायचं नाही."

"अहो, भाजतंय मला!" तो हसला. त्याचा अंगरखा कोपरावर विरला होता.

झगेवाला आला. या वेळी त्याच्या हातात कागद होता. गेल्या वर्षीच्या घोटाळ्यानंतर नाव वाचूनच झगा द्यायचा, असा हुकूम निघाला होता.

"किल्ल्यांचं दफ्तर," त्यानं वाचलं. "रासिख एफेंदी. चोख कामाबद्दल."

या वेळी मला खोकला नव्हता. घसा साफ होता, वजीर समोर होते, आणि नाशिद माझ्याकडे बघत होता. मी गप्प उभा राहिलो.

त्यानं शेगडीवरचे हात मागं घेतले आणि बाजूला सरकून मला जागा करून दिली.