हाज बसयूनींचा वस्तरा

माझ्या धाकट्या भावाच्या, वागीहच्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या आणि त्याच्या होणाऱ्या सासऱ्यांनी, हाज बसयूनींनी, मशिदीसमोरच्या तंबूत, सगळ्यांदेखत त्याचं लग्न मोडलं. लग्न येत्या गुरुवारी होतं. घरी मेजवानीची बदकंसुद्धा आणून बांधली होती.

तेव्हा इजिप्तमधल्या आमच्या दमनहूर शहरभर काविळीची तपासणी चालली होती. बोट टोचायचं, थेंब पट्टीवर टाकायचा. एक रेघ आली की सुटलात. दोन आल्या की रक्तात काविळीचे जंतू, आतल्या आत यकृत पोखरणारे. सकाळपासून इतक्या जणांना दोन रेघा आल्या होत्या की रांगेतली थट्टामस्करी पार बंद पडली होती.

"माझी मुलगी नगला असल्या नासक्या रक्ताच्या घरात द्यायची नाही!" हाज गरजले. "यकृत सडून मेलेला एक जावई पुरे झाला. दारुडा रगब!"

रगबची विधवा, हाजची थोरली मुलगी एतिदाल, बायकांच्या रांगेत माझ्या पुढेच उभी होती. नवऱ्यानं दारूला कधी हात लावला नाही, हे सांगून सांगून ती थकली होती. यकृत सडलं म्हणजे दारूच, असं हाजनी ठरवून टाकलं होतं. तिनं मान खाली घातली.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "हाज, आधी स्वतःचं बोट पुढं करा, मग दुसऱ्याच्या रक्ताला नावं ठेवा!"

"करतो की! मला काय धाड भरलीय? न्हाव्याकडं मी स्वतःचा वस्तरा घेऊन जातो. कुणाचा रोग जवळ फिरकू दिला नाही आजवर."

दोन रेघा आल्या. हाजनी दुसरं बोट पुढं केलं. पुन्हा दोनच.

"लहानपणी शाळेत बिल्हार्झियाची, त्या कालव्यातल्या जंतांच्या रोगावरची, इंजेक्शनं घेतली होती का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"घेतली की. सगळ्या वर्गाला रांगेत उभं करून, एकाच सुईनं..." हाज मध्येच थांबले.

"तुमच्या वयाच्या कितीतरी जणांना तसंच झालंय. आता गोळ्या आहेत, तुम्ही दोघंही बरे व्हाल. पण हा तर तरुण. याला कुठून आलं? दात काढलास? रक्त चढवलं? दाढी कुठं करतोस?"

"हाजच करवतात," वागीह पुटपुटला.

साखरपुड्यापासून दर शुक्रवारी उस्ता फिक्री न्हाव्याच्या दुकानात आधी हाजची दाढी व्हायची, मग त्याच वस्तऱ्यानं जावयाची. केवढा मान! वस्तरा फडक्याला पुसून फिक्री त्याच्या गालाला लावायचा, आणि हाज म्हणायचे, जावई म्हणजे आपलंच रक्त. ते पाहून आम्हीच मिठाई वाटली होती.

"खात्रीनं नाही सांगता येणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण डोळ्यांना न दिसणारं रक्तही पुरतं."

एतिदाल रांग सोडून पुढं आली. "बाबा, वीस वर्षं रगबची दाढी कुठल्या वस्तऱ्यानं झाली?"

हाजचा हात खिशाकडं गेला आणि तिथंच राहिला. शुक्रवार होता, वस्तरा खिशातच होता.

"आता सांगा, तो दारू पीत नव्हता म्हणून. मघाशी ओरडलात तसंच."

"रगब दारू पीत नव्हता," हाज म्हणाले.

मागच्यांना ऐकू गेलं नाही. एतिदाल जागची हलली नाही, तेव्हा त्यांनी ते पुन्हा सांगितलं.