तारेच्या अलीकडची टेबलं

दर शुक्रवारी समोरच्या तुर्की किनाऱ्यावरून या ग्रीक बेटावर बोट यायची. बोटीत चाळीसेक भुकेली पोटं असायची आणि स्टामाटियाच्या खानावळीचा आठवडा त्यांच्यावर निघायचा. म्हणून गुरुवारी सकाळी जवान तिच्या टेबलांपुढे, ऐन वाळूत काटेरी तार ताणू लागले, तशी ती हातातला ऑक्टोपस घेऊनच बाहेर आली.

"हे काय, कॅप्टन?"

"वरून हुकूम आहे, काकू. समोरच्यांचा भरवसा नाही."

"समोरचे उद्या जेवायला येतायत."

"जेवू देत की. पण तार हवीच."

कॅप्टन लेफ्तेरिस अथेन्सचा. देशाची राखण करून भूक लागली की तो तिच्याकडेच येई, आणि तुर्कांच्या ताटात आपल्यापेक्षा मासे जास्त नाहीत ना, हे नजरेने तोलून घेई.

स्टामाटियाने वाद घातला नाही. कोंबडी आणि कॅप्टन, दोघांना समोरून हाकललं की भलतीकडेच पळतात. तिने ऑक्टोपस तारेवर वाळत घातला. ऊन झकास, तार भक्कम. सरकारने खानावळीसाठी प्रथमच काही केलं होतं. दुपारपर्यंत अख्खी तार ऑक्टोपसांच्या लोंबत्या पायांनी भरली.

"काकू, ही संरक्षणाची तार आहे."

"मग काय. मांजरंसुद्धा वर चढत नाहीत."

तिने त्याच्यापुढे कॉफी ठेवली. "हुकुमात नेमकं काय म्हटलंय?"

"समुद्र आणि गाव यांच्यामध्ये, गावाच्या हद्दीला लागून तार."

"मग चुकलात की. कचऱ्याची गाडी इथवर येत नाही. नगरपालिका म्हणते, वाळू गावात मोडत नाही. गाव माझ्या स्वयंपाकघरामागून सुरू होतं."

कॅप्टनने कॉफी संपवली. नगरपालिकेच्या शब्दाबाहेर जायला त्याला हुकूम नव्हता. संध्याकाळी तार, ऑक्टोपसांसकट, स्वयंपाकघरामागे गेली.

शुक्रवारी नेजात बेंनी खुर्ची ओढता ओढता मागे पाहिलं. दर बोटीला येणारा हा म्हातारा तुर्की व्यापारी; तिकडे रावांना बे म्हणतात आणि बाईंना हानिम. "स्टामाटिया हानिम, तार कशाला?"

"तुम्ही बिल न देता गावात पळू नये म्हणून."

नेजात बे हसले आणि त्यांनी बडीशेपेच्या दारूचा, उझोचा, पेला मागवला.

दुपारी मागून कुणीतरी खाकरलं. कॅप्टन तारेपलीकडे, गावाच्या बाजूला उभा होता. शिस्तीचा माणूस; तारेत कुठे फट म्हणून ठेवली नव्हती, आणि वळसा अख्ख्या टेकडीचा.

स्टामाटियाने तळलेल्या माशांची थाळी तारेवरून पलीकडे दिली.

"जपून. बाही अडकेल."

थाळी हातात येताच कॅप्टनने आधी नेजात बेंच्या ताटाकडे पाहिलं.