खंडेनवमीचा चुंबक

"उद्या संध्याकाळी युरोपियमनं सुटी केलेली आलेखाची सगळी शिखरं माझ्या वहीत असतील बघा!" असं करुणा शेळगावात घरी ठासून सांगून आली होती. घरचे नागपूरला दीक्षाभूमीला गेले, ही एकटी मागं राहिली. प्रबंध द्यायला पाचच दिवस, आणि शेवटचं प्रकरण अजून नळीतच होतं.

युरोपियम या दुर्मिळ धातूचं संयुग आपल्या पदार्थात मिसळून नळीत घालायचं, नळी बारामतीच्या कॉलेजातल्या, रेणूची रचना दाखवणाऱ्या एनएमआर यंत्राच्या चुंबकात फिरवायची, की एकमेकांच्या उरावर बसलेली शिखरं कागदावर सुटी होतात. मुंबईला सहा महिने अर्ज करकरून चिमूटभर संयुग मिळालेलं. ते तीन नळ्यांत भरून तिनं कपाटात ठेवलं होतं.

सकाळी प्रयोगशाळेचं दार उघडलं, तर यंत्राला झेंडूचा हार. वर हळदीकुंकू. आणि चुंबकाला ऊसतोडीचा कोयता चिकटलेला, जसा काय तितंच उगवला.

"हिंदुरावतात्या! हे काय हाय?"

प्रयोगशाळेचे शिपाई हिंदुराव उदबत्ती ओवाळत म्हणाले, "खंडेनवमी न्हाय का ताई? घरी कळंबला ट्रॅक्टर पुजला, हितं हे पुजलं. कोयता नुसता शेजारी मांडला, तर ह्यानं ओढूनच घेतला. लई जागृत हाय!"

"आणि यंत्राचा दिवा का विझलाय?"

"बंद केलं. आजच्या दिवशी हत्याराला राबवत्यात व्हय?"

करुणाच्या मस्तकात तिडीक गेली. हा चुंबक विजेवर कायम उबेत ठेवावा लागतो. एकदा गार पडला की ताळ्यावर यायला तीन दिवस. ती तडक प्राचार्य बापूसाहेबांकडं गेली.

"मीच परवानगी दिली," बापूसाहेब म्हणाले. "श्रद्धेचा विषय आहे. शिवाय वीज वाचली."

"यंत्राला रजा मिळती सर! मला दोन वर्षांत एक दिवस मिळाली न्हाय!"

बापूसाहेबांनी तिला पेढा दिला.

कोयता तिघांनी ओढला, तर मूठ तेवढी हातात आली. पातं दोर बांधून काढलं. मग तीन दिवस करुणा यंत्रापाशी स्टूल टाकून बसली. उदबत्तीचा पुडा दिसला तरी गुरकावायची. चौथ्या दिवशी यंत्राचा काटा एकदाचा स्थिर झाला. तिनं कपाट उघडलं.

तिन्ही नळ्या लख्ख, रिकाम्या, उलट्या ठेवलेल्या होत्या. पूजेआधी हिंदुरावांनी त्या चिंचेनं घासून धुतल्या होत्या.