मोजलं की बरकत जाते

नगरपालिकेचं अंदाजपत्रक ऐकायला गर्दी होते, असं कुठे ऐकलंय? इतर ठिकाणी त्या सभेत नगरसेवकसुद्धा जांभया देतात. या शहरात मात्र दुपारपासूनच खुर्च्या अडवल्या जायच्या. उशिरा येणारे भिंतीला टेकून उभे राहायचे, त्यांच्याही नंतरचे खिडकीच्या गजांना लटकायचे. सगळ्यांचे डोळे समोरच्या फळ्याकडे लागलेले असायचे.

फळ्यावर एकीकडे शहराचं उत्पन्न, दुसरीकडे खर्च आणि खाली लाल खडूने तूट लिहिलेली असायची. ती दर वर्षी मागच्या वर्षीपेक्षा मोठी असायची आणि त्याची कोणालाच फिकीर नसायची. लोक यायचे ते ती तूट भरताना पाहायला.

फळ्यामागच्या भिंतीत एक जुनी लोखंडी तिजोरी बसवलेली होती, आत माणूस उभा राहील एवढी. शहराचा पैसा बँकेत गेल्यापासून तिच्यात काळोखाशिवाय काही नव्हतं. निदान अक्कल शाबूत असलेल्या माणसाला तसं वाटलं असतं. पण जुने खजिनदार वारले आणि त्यांच्या हाताखालचे गृहस्थ त्यांच्या खुर्चीत बसले, तेव्हापासून ती तिजोरी बोलायला लागली होती. या नव्या खजिनदारांना सगळं शहर भरपाईसाहेब म्हणायचं.

"मंडळी, तूट बघून घाबरू नका," भरपाईसाहेब हात जोडून म्हणायचे. आवाज असा, की ऐकणाऱ्याला आपलं लहानपण आठवावं. "ज्या माणसानं हयातभर या शहराची पै न् पै राखली, तो मेल्यावर तुम्हाला उघड्यावर टाकेल का? घरपट्टी वाढणार नाही. पाणीपट्टी वाढणार नाही. एकही काम थांबणार नाही. आपण फक्त हाक मारायची. दिवे घालवा."

दिवे जायचे. खिडक्यांतून संध्याकाळचा राखाडी उजेड तेवढा राहायचा. कोणी खोकायचं नाही, मुलंसुद्धा आयांना बिलगून बसायची. मग लोखंडाच्या आतून आवाज यायचा. टक, टक. जरा थांबून, टक.

"भरपाई झाली," साहेब हळूच म्हणायचे आणि लाल आकडा पुसून तिथे शून्य काढायचे.

टाळ्यांचा कडकडाट व्हायचा. पहिल्या रांगेत बसलेली म्हातारी मात्र टाळ्या वाजवायची नाही. ती डोळे मिटून घ्यायची आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही यायचं, की शेजारी बसलेल्या तिच्या मुलीला दुसरीकडे बघावं लागायचं. म्हातारी जुन्या खजिनदारांची बायको. मुलगी शाळेत विज्ञान शिकवायची, म्हणून तिला सगळे बाई म्हणायचे.

बाईंचा भुताखेतांवर काडीचा विश्वास नव्हता. तरी ती टकटक ऐकली की त्यांच्या अंगावर सर्रकन काटा यायचा, कारण ती बाबांचीच होती. दोन जवळजवळ, तिसरी उशिराने. बाबा असेच दार वाजवायचे, असंच टेबलावर पेन आपटायचे. दुसऱ्या कोणाची टकटक तशी नव्हती. वर्गात बाई पोरांना सांगायच्या, की कारणाशिवाय काही घडत नाही. सभेहून परतताना मात्र त्या काळोख्या बोळात दोनदा मागे वळून बघायच्या आणि मग स्वतःवरच चिडायच्या.

एका उन्हाळ्यात बाईंनी मोरीतला जुना नळ बदलून घेतला. नवा नळ दांडीचा होता, बोटाने ढकलला की बंद. शाळेची वेळ झाली होती. बादली भरली तशी त्यांनी दांडी झटक्यात ढकलली आणि भिंतीतून आवाज आला. टक.

बाई तशाच उभ्या राहिल्या. त्यांनी नळ सोडला, पुन्हा झटक्यात बंद केला. टक. मग दोनदा लागोपाठ आणि तिसऱ्यांदा जरा थांबून.

आतल्या खोलीतून आई जवळजवळ धावतच आली. केस सुटलेले, पायात चप्पल एकच.

"आले का गं?" तिने विचारलं.

"नळ आहे, आई."

"हो का," आई म्हणाली आणि भिंतीला धरून परत गेली.

बाईंना त्या क्षणी सगळं कळलं. सभागृहाच्या मागे, तिजोरीच्या पाठीला पाठ लावून, कचेरीचं न्हाणीघर होतं आणि सभेच्या दिवशी त्याला नळदुरुस्तीची पाटी लावून कुलूप घातलेलं असायचं. पण कळूनही बाई गप्प बसल्या. आईला वर्षातून एकदा नवरा भेटत होता. त्या भेटीवर ती उरलेलं वर्ष ढकलत होती, सभेच्या आधी आठवडाभर जेवण नीट जायचं तिला. ते तिच्याकडून कोणत्या तोंडाने काढून घ्यायचं? खरं बोलावं, हे फळ्यावर लिहायला सोपं असतं.

तशा त्या गप्पच राहिल्या असत्या. पण पावसाळ्यात नदी चढली.

बाईंची वस्ती नदीच्या काठापेक्षा खोल होती. पाणी आत शिरलं की पंपांनी उपसून बाहेर टाकायचं, एवढाच तिथे जगण्याचा मार्ग. बाई लहान असताना एका पुरात पंप बंद पडले होते. सुटे भाग आणायला नगरपालिकेकडे पैसे नव्हते. त्या पुरात बाईंचा धाकटा भाऊ गेला. बाबा तेव्हा साधे कारकून होते. पुढे खजिनदार झाल्यावर त्यांनी शहराच्या मागे लागून राखीव निधी उभा केला. घरात आजारपणासाठी बाजूला काढलेला पैसा असतो ना, तसा. नियमही त्यांनीच घातला, की मोठं संकट आलं तरच त्याला हात लावायचा, काढला तर तीन वर्षांत परत भरायचा. आई त्या निधीला माझ्या बाळाचा पैसा म्हणायची.

या वर्षी पाणी उंबऱ्याला लागून परत गेलं. त्या पूर्ण रात्रीत तीन पंपांपैकी एकाचाच आवाज येत होता. आई खाटेवर पाय वर घेऊन बसली होती आणि बाकीच्या दोन्हींचा आवाज येतोय का, ते कान देऊन ऐकत होती. तो काही आला नाही.

पाणी ओसरल्यावर बाई भरपाईसाहेबांच्या खोलीत गेल्या.

"दोन पंप बंद आहेत. राखीव निधीत किती शिल्लक आहे?"

"बसा, बसा. चहा घ्या," साहेब म्हणाले. "पंपांचं बघू. पण आकडा विचारू नका बाई. मोजलं की बरकत जाते. जुन्या माणसांचं हे म्हणणं उगाच नाही."

"माझे बाबा जुनेच होते. ते रोज मोजायचे."

साहेबांनी कपातली माशी बोटाने काढली. "तुमच्या आई दर वर्षी येतात," ते शांतपणे म्हणाले. "किती समाधान असतं त्यांच्या चेहऱ्यावर. ते मोडायचं पाप मी तरी करणार नाही. तुम्ही करणार?"

बाई चहा न घेता उठल्या. घरी येऊन त्यांनी आईला फक्त एवढंच सांगितलं, की निधीची शिल्लक विचारली तर साहेब सांगत नाहीत. आईने ऐकून घेतलं आणि ती भाजी निवडत राहिली.

सभेच्या दिवशी आई नेहमीसारखी पहिल्या रांगेत बसली. पूर येऊन गेलेला, त्यामुळे गर्दी दुप्पट झाली होती. घाबरलेल्या माणसाला चमत्कार जरा जास्तच लागतो. फळ्यावरची तूट इतकी लांबलचक होती, की खडू फळ्याच्या कडेला टेकला होता.

"मंडळी, तूट बघून घाबरू नका," साहेबांनी सुरू केलं.

बाई उठल्या. "दिवे घालवायच्या आधी राखीव निधीची शिल्लक सांगा."

सभागृहात कुजबुज झाली. मागून कोणीतरी म्हणालं, "खाली बसा हो. वडील तुमचे आणि विघ्न तुम्हीच आणता?"

"मोजलं की बरकत जाते," साहेब सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. दोन-चार जणांनी माना डोलावल्या. नगरसेवकांनी तर डोलावल्याच, त्यांना प्रश्न न विचारण्याचा सराव होता.

"बरं, तुम्ही मोजू नका," बाई म्हणाल्या. "आत बाबा आहेत ना? त्यांना विचारा. मेले म्हणून ते हिशेब विसरले नसतील."

साहेब हसायला गेले, पण तेवढ्यात पहिल्या रांगेतून आई उठली. खुर्चीची पाठ धरून ती सरळ उभी राहिली.

"मी विचारते," ती म्हणाली. "दिवे घालवा."

तिला नाही कोण म्हणणार? दिवे गेले. त्या राखाडी उजेडात आई तिजोरीजवळ गेली आणि रोज घरात विचारावं तसं तिने विचारलं, "अहो, बाळाच्या पैशातले किती उरलेत?"

टक, टक. टक.

"तीन? तीन काय? तीन लाख की तीन हजार?"

टक, टक. टक.

"अहो, नीट सांगा. लोक खोळंबलेत."

टक, टक. टक.

आई तिजोरीकडे बघत राहिली. बाईंना तिचा चेहरा दिसत नव्हता, फक्त पाठ दिसत होती, आणि ती पाठ हळूहळू वाकत गेली. मग ती लोकांकडे वळली.

"हे ते नव्हेत," आई म्हणाली. "चाळीस वर्षं संसार केला मी. आकडा विचारला आणि मोघम उत्तर मिळालं, असं एकदाही झालं नाही."

बाई मागच्या दाराने बोळात गेल्या, त्यांच्यामागे खिडकीतले दोघे-तिघे उतरून आले. कुलूप आज बाहेर नुसतं अडकवलेलं होतं. दार ढकललं. आत पालथ्या बादलीवर कचेरीचा नळवाला बसलेला, एक हात दांडीच्या नळावर.

"साहेब, अजून वाजवू का?" त्याने मान वर न करताच विचारलं.

दिवे लागले. बाईंनी लोकांना आत घेतलं आणि वर्गात दाखवावं तसं दाखवलं. वाहतं पाणी एकदम अडवलं की ते जोराने मागे धडकतं. त्याने नळी हादरते. ही नळी भिंतीला पक्की बसवलेली नाही, ती तिजोरीच्या पत्र्यावर आपटते आणि पोकळ पत्रा घुमतो. "तुम्हीही करून बघा," त्या म्हणाल्या. खिडकीला लटकणाऱ्याने करून बघितलं, मग भिंतीला टेकून उभ्या असलेल्या एका आजोबांनी. सभागृहात बसलेल्यांना लागोपाठ बरीच भुतं ऐकू आली.

"पण ती लय बाबांची होती," बाई सभागृहात परत येऊन साहेबांना म्हणाल्या. "ती कुठून आणलीत?"

भरपाईसाहेब खडूकडे बघत होते. "त्यांच्यासमोर बसून काम शिकलो," ते म्हणाले. "सही करायच्या आधी ते पेन असंच आपटायचे. नळवाल्याला मीच शिकवली."

"आणि तूट कशातून भरली?"

आता लपवायला काही उरलं नव्हतं. दर वर्षी राखीव निधीतून तुटीएवढी रक्कम चालू खात्यात वळवायची आणि अंदाजपत्रक बरोबर जुळलं म्हणायचं. पगार, दिवाबत्ती, कचरा हे दर वर्षीचे खर्च, आणि भागवायचे एकदाच साठवलेल्या पैशातून. पुढच्या वर्षी खर्च तेवढाच, निधी मात्र कमी. भरून कोणीच काढत नव्हतं. साहेबांनी शिल्लक सांगितली तेव्हा मागच्या रांगेतल्या लोकांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. त्यात एक पंपसुद्धा आला नसता.

"चोर," कोणीतरी म्हणालं.

"एक पैसा घरी नेला नाही मी," साहेब म्हणाले आणि ते खरं होतं. "पहिल्या वर्षी घरपट्टी थोडी वाढवावी लागेल म्हणालो, तर माझ्या खोलीच्या काचा फोडल्यात. आठवतं? त्यानंतर तिजोरी वाजली आणि तुम्ही मला खांद्यावर घेतलंत."

ज्यांनी काचा फोडल्या होत्या ते तिथेच होते.

"यांना घरी पाठवा की ठेवा, ते तुम्ही ठरवा," बाई म्हणाल्या. "पण चमत्कार एकट्याला करता येत नाही. बघणाऱ्यांनी डोळे मिटायचे कबूल केलेलं असावं लागतं. पैसा कुठून आला, हे विचारायला शास्त्र शिकावं लागत नाही. घरात दुधाचा एक कप जास्त संपला तरी आपण विचारतो. इथे अख्ख्या शहराचं संपत होतं आणि आपण टाळ्या वाजवत होतो. विचारा. ज्याला मोजलेलं खपत नाही, त्याला तर आधी विचारा."

आईने तिजोरी उघडायला लावली. बिजागऱ्या कुरकुरल्या, आतून गंजाचा आणि ओलीचा वास आला. आईने आत डोकावून बघितलं, फळीवर हात फिरवला.

"रिकामी आहे," ती म्हणाली. मग सगळ्यांकडे वळून, रागावून नव्हे, पण एकेकाकडे बघत म्हणाली, "मेलेल्या माणसाला कामाला लावू नका. त्यांनी त्यांचं केलं. आता कमी पडेल ते तुमचं तुम्ही मोजा आणि तुमचं तुम्ही भरा. पूर यायच्या आत भरा."

ती येऊन खुर्चीत बसली. बाई शेजारी बसल्या.

"तुला कधीपासून ठाऊक होतं?" आईने विचारलं.

"उन्हाळ्यापासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू रडशील म्हणून."

"रडलेच असते," आई म्हणाली. "ते गेले तेव्हाचं रडायचं राहून गेलंय माझं. दर वर्षी मी मनाशी म्हणायचे, आहेत की इथेच."

समोर कोणीतरी फळा पुसून दर घरामागे घरपट्टीत किती वाढ बसेल त्याचा हिशेब मांडायला घेतला होता. वाद सुरू झाला होता, आवाज चढत होते. त्या गलक्यात पहिल्या रांगेतल्या खुर्चीत आई आपल्या नवऱ्यासाठी पहिल्यांदा रडली आणि बाईंनी तिला रडू दिलं.