अण्णांच्या नावाचं बिल

"ती विचारतेय, हे बिल कुणाचं?" मुलीने वळून सांगितलं.

"आपल्या घराचं," पाणीवाले म्हणाले. "दुसऱ्याचं बिल घेऊन मी विमानात कशाला बसेन?"

मुलीने यातलं पहिलं वाक्य तेवढं बँकेतल्या बाईंना त्यांच्या भाषेत सांगितलं. काचेच्या छोट्या खोलीत त्या टेबलापलीकडे बसल्या होत्या. वय मुलीएवढंच असेल. सर्दीने नाक लाल झालेलं, आणि थोड्या थोड्या वेळाने माफी मागून त्या रुमाल नाकाला लावत होत्या. त्यांनी विजेच्या बिलाचं शिक्का मारलेलं भाषांतर पासपोर्टशेजारी ठेवलं आणि पेनाच्या टोकाने आधी एक नाव दाखवलं, मग दुसरं.

"हे तुमच्या वडिलांचं नाव आहे, म्हणते. मग खातं वडिलांना उघडायचंय का? तर त्यांना घेऊन या, म्हणते."

"ते यायचे नाहीत म्हणावं. ते गेले तेव्हा तू शाळेतसुद्धा जात नव्हतीस."

हे ऐकून बाईंचा चेहरा खरोखर पडला. त्या काहीतरी हळू आवाजात म्हणाल्या. मुलगी म्हणाली, "वाईट वाटलं, म्हणतेय. पण मग वीज कंपनी अजून त्यांना बिल का पाठवते, असं विचारतेय."

याचं उत्तर पाणीवाल्यांकडे होतं, पण ते परक्या माणसाला सांगण्यासारखं नव्हतं.

पाणीवाले हे नाव पडलं ते नोकरीमुळे. नगरपालिकेत पाणी सोडायचं काम त्यांनी उभा जन्म केलं. हातात लांब लोखंडी चावी, बुडाखाली सायकल, आणि कुठल्या गल्लीला कधी पाणी हे सगळं डोक्यात. त्यांना पत्ता विचारायची वेळ कुणावर आली नव्हती. उलट नवा आलेला पोस्टमन त्यांनाच इतरांचे पत्ते विचारायचा. 'पाणीवाले, टाकीजवळ' एवढं लिहिलेलं पाकीट बिनबोभाट घरी पोचे. गावाकडच्या बँकेच्या पासबुकावरही तेवढंच लिहिलेलं होतं, घर नंबर घालायचं कुणाला सुचलं नव्हतं. आणि आता सातासमुद्रापलीकडे त्यांना सांगितलं जात होतं की तुम्ही तुमच्याच घरात राहता हे सिद्ध करा. पाणीवाल्यांना आधी हसू आलं, मग येईनासं झालं.

खातं उघडायचं होतं ते मुलीसाठी. नवऱ्यापासून वेगळी झाल्यापासून ती चिमुरड्या लेकीला घेऊन मैत्रिणीकडे बाहेरच्या खोलीत राहत होती. मैत्रीण चांगली, पण मैत्रिणीचा नवरा हल्ली दारं जरा जोरात लावू लागला होता. लेकीच्या शाळेजवळ दोन खोल्या मिळत होत्या. घरमालक म्हातारा आणि सज्जन, पण नियमाचा पक्का. भाडेकरूला जवळच्या माणसाने जामीन राहायचं आणि जामिनाची ठेव त्या माणसाच्या स्वतःच्या खात्यात, इथल्याच बँकेत ठेवायची. महिनाअखेरपर्यंत खोल्या राखून ठेवतो, म्हणाला होता. पाणीवाले फंडाची रक्कम मोडून आले होते. पैसे होते, बाप होता, फक्त बापाला पत्ता नव्हता.

बाहेर बसथांब्याच्या बाकावर दोघं बसले. वारा बोचरा होता. मुलीने स्वतःची शाल त्यांच्या गुडघ्यांवर टाकली.

"पासपोर्ट ओळखीला चालतो, बाबा, पत्त्याला नाही. पण बिलावरचं नाव बदलून घेता येईल. आई जाईल ऑफिसात. दुसऱ्या वारसाची सही मात्र लागते."

दुसरा वारस म्हणजे काका. ते दोघांनाही माहीत होतं.

"आई सांगेल त्याला," पाणीवाले म्हणाले.

"आईने नको. तुम्ही सांगा."

पाणीवाल्यांनी येणाऱ्या बसकडे बघितलं. ती त्यांची नव्हती, तरी ते उठून उभे राहिले.

घर अण्णांचं, म्हणजे वडिलांचं. खाली थोरले पाणीवाले, वर धाकटा. मीटर एक, बिल एक, आणि बिलावर नाव अण्णांचं. बिल आलं की पाणीवाले दारातूनच हाक द्यायचे, "अण्णा आलेत!" बायको ओले हात पुसत बाहेर यायची आणि संध्याकाळी वरून जाऊबाई निम्मे पैसे आणून द्यायच्या. जावाजावांचं उत्तम होतं. बोलत नव्हते ते भाऊ.

भांडण म्हणावं तर आवाजही चढला नव्हता. धाकटा पुस्तकांचं बाइंडिंग करायचा. वरच्या पुढच्या खोलीत त्याचं कागद कापायचं यंत्र होतं, हाताने मोठं चाक फिरवून चालवायचं. एका छापखान्याने त्याला वर्षभराचं काम देऊ केलं. एवढं काम हाताने उरकणारं नव्हतं. विजेवरचं यंत्र हवं होतं, त्याला वेगळं मीटर हवं होतं, आणि वेगळ्या मीटरसाठी घर अण्णांच्या नावावरून दोघांच्या नावावर व्हायला हवं होतं. धाकटा कागद घेऊन खाली आला. अण्णांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. "अण्णांचं नाव पुसायला माझी सही मिळणार नाही," एवढंच पाणीवाले म्हणाले. धाकटा कागद घेऊन वर गेला. छापखान्याचं काम दुसऱ्या कुणी घेतलं. त्यानंतर वरून चाकाची घरघर रोज येत राहिली आणि पाणीवाले तिच्याखाली जेवत राहिले, झोपत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरी फोन लावला. नात जमिनीवर पालथी पडून घराचं चित्र काढत होती. घराला तिने दार काढलं नव्हतं. बायकोला त्यांनी थोडक्यात सांगितलं. ती तशीच फोन हातात घेऊन जिना चढू लागली. तिची धाप आणि पायऱ्यांचं कुरकुरणं त्यांना ऐकू येत होतं.

"भावजी, फोन आहे. ह्यांचा."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"बोल," धाकटा म्हणाला.

पाणीवाल्यांनी रात्रभर वाक्यं जुळवली होती, त्यातलं एक आठवेल तर शपथ. त्यांनी मुलीचं सांगितलं, खोल्यांचं सांगितलं, बिलाचं सांगितलं. मग म्हणाले, "सही पाहिजे तुझी."

"कशाला?"

"अण्णांचं नाव काढायला."

मुलगी खिडकीशी पाठ करून उभी होती.

"अडला हरी..." धाकटा म्हणाला आणि थांबला.

"पुढचंही म्हण. हक्क आहे तुझा."

"नको. पुढं गाढव येतं, आणि ते मीच ठरतो." तो बारीक हसला. लहानपणी चोरून बोरं खाताना हसायचा तसाच. "तुझ्या नावावर करायचं ना?"

"हो. आणि ऐक, मी आल्या आल्या तुझ्या मीटरच्या कागदावर सही देतो. तू घे विजेवरचं यंत्र."

"आता यंत्र घेऊन काय करू, दादा? खांदा वर होत नाही. जुनं होतं तेसुद्धा गेल्या उन्हाळ्यात भंगारात दिलं. जिन्यातून उतरवत होते तेव्हा तू ओट्यावर पेपर वाचत होतास."

खरं होतं. पेपर त्यांनी तोंडासमोर धरला होता. हमाल चाक घेऊन उतरत होते, एकाचा पाय सटकला तेव्हा पाणीवाले अर्धवट उठलेही होते आणि पुन्हा बसले होते. त्या रात्रीपासून वरून आवाज आला नाही आणि त्यांना झोप आली नाही. उकाड्यामुळे, असं त्यांनी बायकोला सांगितलं होतं.

"पोरीचं अडायला नको," धाकटा म्हणाला. "वहिनी, उद्या ऑफिस उघडायच्या आत जाऊन उभं राहू." हे शेवटचं तो फोन परत देतादेता म्हणाला.

वीज कार्यालयातल्या माणसाने म्हणे पाणीवाल्यांचं नाव ऐकताच खुर्ची दिली. त्याच्या आईच्या गल्लीला त्यांनी एका उन्हाळ्यात ओंजळभर जास्त पाणी सोडलं होतं. पाणीवाल्यांना असं काही आठवत नव्हतं, पण नाही म्हणायची ही वेळ नव्हती. महिना संपत आला असताना नव्या बिलाचा फोटो आला. फोटोखाली धाकट्याचा रेकॉर्ड केलेला आवाज होता:

"दादा, नीट बघ. अण्णा कुठं गेलेले नाहीत. नुसते पुढून मधे सरकलेत."

पाणीवाल्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. आधी स्वतःचं नाव, मग अण्णांचं, मग आडनाव. जन्मभर ते असंच लिहीत आले होते. धाकट्याचंही मधलं नाव तेच. म्हणजे त्या दिवशी धाकटा जो कागद घेऊन खाली आला, त्यावर अण्णा दोन वेळा लिहिलेले असणार. पाणीवाल्यांनी तो कागद वाचला नव्हता. हातातही घेतला नव्हता. ते फोन धरून तसेच बसून राहिले आणि डोळे भरून आले ते त्यांनी नातीपासून लपवलं नाही.

बँकेतल्या बाईंची सर्दी बरी झाली होती. त्यांनी नव्या बिलाचं भाषांतर पासपोर्टशेजारी ठेवलं, पेनाचं टोक दोन्हीकडे फिरवलं आणि मोकळेपणाने हसल्या. मग काहीतरी विचारलं.

"मधलं नाव गाळलं तर चालेल का, म्हणतेय," मुलीने सांगितलं. "कार्डावर जागा कमी असते."

"जागा करायला सांग."

बाईंनी खुर्ची पुढे ओढली, दोनदा खोडून पाहिलं आणि जागा केली. त्याच आठवड्यात मुलीला किल्ली मिळाली. नातीने नव्या घरात पहिल्या दिवशी सगळी दारं स्वतः उघडून आणि लावून पाहिली, आणि कुणीही तिला आवाज करू नको म्हणालं नाही.

पाणीवाले परत आल्यावर पहिलं बिल आलं तेव्हा त्यांनी दारातून हाक दिली नाही. बायको सवयीने बाहेर आली. "द्या, वर नेऊन दाखवते," म्हणाली.

"मी जातो," ते म्हणाले.

जिना त्यांना वाटला होता त्यापेक्षा अरुंद निघाला. दार जाऊबाईंनी उघडलं आणि त्या बाजूला झाल्या. धाकटा खिडकीजवळ बसला होता, खांद्याला शेक देत.

"ये, दादा."

यंत्राची ती पुढची खोली आता त्याच्याखेरीज रिकामी होती. मधोमध फरशीवर चार चौकोनी डाग होते, यंत्राच्या पायांचे. बाकीची फरशी वापरून काळवंडली होती, तेवढीच कोरी राहिली होती. सरळ दोन पावलं टाकली असती तरी पाणीवाले भावाजवळ पोचले असते. पण यंत्र तिथे असतं तर जसं जावं लागलं असतं, तसे ते भिंतीकडेने वळसा घालून गेले.